तिपदरी

पहिला मास्क शिवून झाला तेव्हा तिने तो माप बघायला स्वतःच्याच तोंडावर चढवला, नाकावरची तार चिमटीत दाबून बसवली आणि समोर खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला सहज विचारलं, "कसा दिसतोय?"

नवरा म्हणाला, "दोन चमचे."

तिला आधी वाटलं, गंमत करतोय. पण हा माणूस गंमत करणाऱ्यांतला नव्हता. संसाराच्या सदतीस वर्षांत त्याने केलेले विनोद एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते, आणि त्यातले दोन दुसऱ्याचे होते. तिने आवाज चढवून पुन्हा विचारलं, "अहो, मास्क कसा दिसतोय म्हणते मी." त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग कापडाकडे, मग तो कसनुसा हसला. खिडकीवरच्या कारकुनाचं बोलणं कळलं नाही की माणूस हसतो ना, तसं. म्हणाला, "दोनच. वाढवू नकोस, डॉक्टर ओरडतो." म्हणजे त्याला वाटलं होतं, ही चहातली साखर विचारते आहे. सकाळची वेळ, बायको समोर उभी, काहीतरी विचारते आहे, म्हणजे चहाच असणार. त्याने अंदाजाने उत्तर ठोकून दिलं होतं. त्याला ऐकू कमी येतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तो समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं समजून घेतो, हेही तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती हातात येणं वेगळं. ती मशीनजवळ उभी राहिली. आणि चहाचं विचारावं त्याच सुरात, मान त्याच बाजूला कलती ठेवून म्हणाली, "तुम्ही एक नंबरचे नालायक आहात."

"चालेल," तो म्हणाला.

तिच्या पोटात काहीतरी गार, गोड उतरलं. लहानपणी चोरून खाल्लेल्या साखरेसारखं. तिला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. ती आत गेली, चहा ठेवला, त्यात मोजून दोन चमचे साखर घातली आणि मास्क न काढताच कप त्याच्या हातात दिला. त्या दिवसापासून तिने घरातही मास्क काढला नाही.

निमित्त चांगलं होतं. साथ घराघरांत शिरली होती, दुकानात मास्क मिळेनासे झाले होते आणि इमारतीत शिवणयंत्र चालवणारी ती एकटी. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, मग सगळ्यांनीच. कुणी जुनी चादर आणून देई, कुणी उशीचे अभ्रे. कापड हातात आलं की ती ते दिव्यासमोर धरायची. उजेड ठिपक्याठिपक्यांनी आरपार आला की विरळ, बाजूला टाक. उजेड नुसता पिवळट होऊन कापडातच अडकला की घट्ट, घे. नऊ इंच लांब, सहा इंच रुंद, तीन पदर. मधला पदर बाहेरच्यांना आडवा लावायचा, म्हणजे एकाची भोकं दुसऱ्याने झाकली जातात. तीन चुण्या, त्या खालच्या बाजूला उघडणाऱ्या, नाहीतर धूळ साठते. इलास्टिक संपलं तेव्हा तिने नवऱ्याच्या जुन्या बनियनांच्या बोटभर पट्ट्या कापल्या आणि ओढल्या. ओढलं की ते कापड आपोआप वळून दोरी होतं, टाका मारावा लागत नाही. ज्यांना शिवलेला मिळेपर्यंत धीर नव्हता त्यांना ती जिन्यातच मोज्याचा करून दाखवायची. टाच कापून टाकायची, दोन बाजूंना दोन चिरा, झाला मास्क. बायका "अगं बाई!" म्हणायच्या. तिला त्यांचं हसू यायचं. कापड म्हणजे काय हे या बायकांना माहीतच नव्हतं. त्यांना ते कपाटात घडी होऊन आलेलं माहीत होतं.

तिला ते जन्मतानाचं माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षी ती विणाईच्या शेडमध्ये लागली. एका छपराखाली हजारभर माग, आणि प्रत्येक मागात धोटा एका मिनिटात दीडशे-पावणेदोनशे वेळा इकडून तिकडे आपटणार. तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच, तो दातांत यायचा, छातीच्या हाडांत यायचा. पहिल्या आठवड्यात तिला रडू फुटलं होतं आणि तिचं तिलाच ऐकू आलं नव्हतं. पण त्या आवाजात दोनशे माणसं दिवसभर गप्पा मारत होती. ओठांनी. तोंड मोठं उघडून, प्रत्येक अक्षराला त्याचा पूर्ण वाटा देऊन, आवाजाविना. चार मागांपलीकडच्याला घरचं विचारायचं, दहा मागांपलीकडच्याची टिंगल करायची. मुकादम समोरून आला की ओठ मिटायचे, पाठ फिरली की सगळी शेड पुन्हा बोलायला लागायची. तिची नजर इतकी तयार झाली की तिला सगळे घार म्हणायचे. कुठल्या मागावरचा धागा तुटला हे ती त्या मागावरच्या माणसाच्या आधी बघायची, आणि कोण कुणाला काय बोललं हे तर बघायचीच बघायची. तिच्याकडे सहा माग होते, नवऱ्याकडे चार. तेव्हा तो नवरा नव्हता, समोरच्या रांगेतला एक उंच, हडकुळा पोरगा होता. त्याने तिला लग्नाचं विचारलं ते बारा फुटांवरून, भर दिवसा, दोनशे माणसांत, आणि त्याचा आवाज कसा आहे हे तिला तोवर माहीतही नव्हतं. शेडमध्ये ती त्याला 'तू' म्हणायची. लग्न झालं, घरी 'अहो' झालं. पण कामावर गेलं की पुन्हा 'तू'. घरात जे बोलता यायचं नाही ते ती दोघं कामावर बोलून घ्यायची. सासू-सासरे, दोन दीर, एक खोली. त्या खोलीत कुजबुज करायलाही जागा नव्हती, आणि इथे जगातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या आत दोघांचं असं एक घर होतं.

कारखान्याने एकदा सगळ्यांना तोंडाला बांधायला कापड दिलं होतं. सुताची तूस उडायची, बर्फासारखी, पापण्यांवर बसायची, नाकात जायची. दुपारपर्यंत सगळी कापडं खिशात गेली. तोंड बांधून बोलणार कसं? मुकादमाने दोनचार वेळा दम दिला, मग त्यानेही सोडून दिलं. बोलण्यासाठी दोनशे माणसांनी ती तूस गिळली, आपखुशीने, वर्षानुवर्षं. तिची नऊ वर्षं. त्याची त्यानंतर आणखी वीस, कारखाना बंद पडेपर्यंत. आता त्याचे कान गेले होते आणि छाती जुन्या भात्यासारखी वाजायची. म्हणूनच डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं: यांना लागण झाली तर आवरायचं नाही, बाहेर जाणाऱ्या माणसाने जपून राहावं. बाहेर जाणारी ती एकटीच होती. तेव्हा मास्क घरात का, असं तिला कुणी विचारणार नव्हतं. उलट वरच्या बाई म्हणाल्या, "किती करता हो तुम्ही त्यांचं!"

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने खुणेने सांगून पाहिलं. हनुवटीखाली बोटं नेऊन, खाली ओढ म्हणून. तिने मान हलवली, त्याच्या छातीकडे बोट केलं आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं: डॉक्टरांनी सांगितलंय. त्याने ते वाचलं, मान डोलावली. त्यानंतर त्याने ते पुन्हा मागितलं नाही. मुळात मागून घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बहिरेपणासुद्धा त्याने असाच लपवला होता, बँकेत, दवाखान्यात, लेकीच्या सासरी, सगळीकडे तोंडं वाचून वाचून. आता रस्त्यावरची सगळी तोंडं झाकली गेली तसा तो खाली उतरायचा बंद झाला. जगात वाचता येण्यासारखं एकच तोंड राहिलं होतं, आणि ते तिने तीन पदरांच्या आड ठेवलं. लिहून द्यायची ते एवढंच: गोळी घ्या. पाणी तापलंय. बाकीचं ती बोलायची. भाजी निवडताना, कपडे घडी करताना, त्याच्या समोर बसून, त्याच्या तोंडावर. पहिल्या आठवड्यात नुसत्या शिव्या होत्या. शिव्या लवकर संपतात. मग तिने तारीखवार सुरू केलं. सासूने तिचं बाळंतपण चौदा दिवसांत उरकलं तेव्हा तुम्ही कुठे बघत होता. धाकट्या दिराने हात धरला तेव्हा मी तुम्हाला शेडमध्ये सांगितलं, स्वच्छ सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, धागा तुटलाय तुझा. हे सगळं ती प्रेमळ आवाजात सांगायची, डोळे हसरे ठेवून, आणि तो मधूनमधून "हो, हो" करायचा, "बरं" म्हणायचा, एकदा तर म्हणाला, "तू म्हणशील तसं." ती आत जाऊन हसली. हसताना मास्क तोंडात गेला आणि तिला ठसका लागला.

पण खरी गोष्ट ती अजून बोलली नव्हती. तिच्याभोवती फिरत होती, ताटातला आवडीचा घास शेवटी ठेवावा तशी.

ती कामाला लागल्याच्या नवव्या वर्षी कारखान्यात नवे माग येणार होते. चार माणसांचं काम एक करणार. माणसं कमी करायची ठरली आणि जिथे नवरा-बायको दोघं कामाला होती तिथे एकाने जायचं ठरलं. कोण, ते मुकादम पुरुषाला विचारायचा. बाईला विचारायची पद्धत नव्हती. ती आपल्या सहा मागांमध्ये उभी होती. नवरा रांगेच्या टोकाला, वरच्या काचेतून पडणाऱ्या उजेडात, तोंड तिच्या बाजूला; मुकादमाची पाठ तिच्याकडे. बारा मागांचं अंतर. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "बायकोला काढा. मी राहतो." इतकं स्वच्छ तो तिच्याशीही कधी बोलला नव्हता, प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. मुकादमाने काहीतरी विचारलं असावं, कारण नवरा पुढे आणखी बोलला. लांब वाक्य होतं. आणि नेमकी तेव्हाच ताण्याच्या रुळांची हातगाडी दोघांच्या मधून गेली. गाडी गेली तोवर त्याचे ओठ मिटले होते आणि मुकादम वहीत लिहीत होता. सहा माग चालवणारी बाई गेली, चारवाला राहिला. संध्याकाळी घरी येताना तो म्हणाला, "मुकादमानेच ठरवलं. माझं काही चाललं नाही." आवाजात म्हणाला. आवाजात खोटं बोलणं सोपं असतं.

एकोणतीस वर्षं तिने ते दुसरं वाक्य स्वतः रचलं होतं. शिवणयंत्रावर वाकून, परकर, अभ्रे, शाळेचे गणवेश, हजारो टिपा मारता मारता. कधी ते वाक्य असायचं: ती भांडकुदळ आहे, तुम्हाला ताप होईल. कधी: घरी आईला हाताखाली कुणीतरी हवं. कधी: बाईमाणसाकडे सहा माग आणि माझ्याकडे चार, लोक हसतात मला. हे शेवटचं तिला सगळ्यात खरं वाटायचं, आणि सगळ्यात जास्त बोचायचं. एकदा, फार वर्षांपूर्वी, रात्रभर त्याचा खोकला ऐकत पडली असताना तिच्या मनात आलं होतं, तो म्हणाला असेल: तिला खोकला झालाय, पोर चार वर्षांची आहे, तिला बाहेर काढा यातून. त्या वर्षी तिला खोकला होता हे खरं. पण खोकला कुणाला नव्हता? आणि तसं असतं तर त्याने सांगितलं नसतं का, एवढ्या वर्षांत एकदा तरी? तिने ते वाक्य झटकून टाकलं. चांगलं वाक्य बाळगणं तिला परवडलं नसतं. त्याच्यावर राग धरता आला नसता आणि मग एवढ्या वर्षांचं करायचं काय? विचारावं असंही तिला वाटलं नाही. विचारलं तर तो काहीतरी उत्तर देणार, आणि ते तेव्हाचं की आत्ता जुळवलेलं हे कळायला मार्ग नाही. शिवाय विचारायचं म्हणजे आपण पाहिलं हे कबूल करायचं. ते तिचं एकटीचं धन होतं.

आता मास्कच्या आड तिने ते विचारलं. पहिल्यांदा विचारताना तिने आधी मशीन थांबवलं. "बायकोला काढा म्हणालात. पुढे काय म्हणालात?" तो वाटाण्याच्या शेंगा सोलत होता. म्हणाला, "कीड आहे यंदा." ती दिवसातून चारदा विचारायला लागली. चारदा त्याची चार वेगळी उत्तरं यायची. पंखा कमी करू का, आज सोमवार, मी नाही घेतलं, हो. ती उत्तरं ती साठवून ठेवायची आणि संध्याकाळी फोनवर लेकीला सांगायची.

इथेच तिने आणखी एक गोष्ट केली. ठरवून केली असं नाही, पण थांबवलीही नाही. लेक दुसऱ्या गावात औषधांच्या दुकानात होती. मधल्या सुट्टीत मास्क गळ्यात ओढून व्हिडिओ फोन करायची. फोनवरचं चित्र अडकत अडकत यायचं. पूर्वी बापाला कळलं नाही की आई समोर तोंड करून पुन्हा सांगायची. आता आई पुन्हा सांगायची ती कापडाआडून, आणि बाप भलतंच उत्तर द्यायचा. लेक विचारायची, "बाबा, खोकला कसा आहे?" बाप म्हणायचा, "तिकडेही पाऊस नाही का?" पोरीचा चेहरा पडायचा. एक दिवस ती म्हणाली, "आई, बाबांचं डोकं... विसरायला लागलेत का गं ते?"

त्या वेळी तिने नुसतं म्हणायचं होतं, नाही गं, त्यांना माझं तोंड दिसत नाही. सहा-सात शब्द. तिने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "काय सांगू बाई तुला. परवा शेंगा सोलताना विचारलं एक, उत्तर दिलं दुसरंच. मी एकटी किती पुरे पडणार." म्हणताना तिला स्वतःचीच भीती वाटली, थोडीशी, क्षणभर. पोरगी रडली. मग डोळे पुसून कामाला लागली, बापासारखीच, बोलण्यापेक्षा उरकण्यावर भर. तिच्या ओळखीचे एक मेंदूचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे दाखवायचं. आणि बाबांना चार-सहा महिने तिच्याकडेच ठेवायचं, "तुलाही जरा विसावा." येत्या रविवारी ती गाडी घेऊन येणार होती. तो शेजारीच बसला होता, पडद्यावर पोरीचे ओठ हलताना बघत. पोर काय म्हणाली हे त्याला कितपत कळलं ते त्याने दाखवलं नाही. त्याने पडद्याकडे बघून हात हलवला.

रविवार ऐकून तिने बोटांवर दिवस मोजले. विसावा! तो जाणार. चार महिने, सहा महिने, त्याच्या छातीचा काय भरवसा. आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की आपण इतके दिवस जे बोललो ते कुणाला बोललोच नाही. शिवी द्यायला समोर माणूस लागतो. ती सात आठवडे भिंतीला शिव्या देत होती. आणखी एक गोष्ट तिला दिसली, आणि ती जास्त लागली. तो तिच्या तोंडाकडे बघेनासा झाला होता. ती खोलीत आली की अडतीस वर्षं त्याचे डोळे सवयीने तिच्या ओठांवर जायचे. भांडणात, आजारपणात, कुणाच्या मयताला गेलं तरी आधी तिथे. कधीपासून ते थांबलं? आता ती आली की तो तिच्या हातांकडे बघायचा, हातात गोळी आहे का ताट आहे ते. बस. तिने मुद्दाम त्याच्यासमोर दोनतीन फेऱ्या मारल्या. त्याने मान वर केली नाही. तिला ते सहन होईना. तिला तो आवडत होता म्हणून नव्हे. तिला त्याच्या तोंडावर ते वाक्य पडताना बघायचं होतं, चेहरा उतरताना बघायचा होता, आणि त्यासाठी त्याचे डोळे लागणार होते.

शनिवारी सकाळी तिने जेवणाआधीच मशीन उघडलं. नव्या चादरीची प्लास्टिकची पिशवी होती, स्वच्छ, न चुरगळलेली. तिचा तीन इंचांचा लांबट तुकडा कापला. मास्कच्या तिन्ही पदरांना मधोमध तेवढी खिडकी पाडली, कडांना तिरक्या कापाची उरेब पट्टी लावली, प्लास्टिक आत सरकवून टीप मारली. सुई एकदाच मारायची. चुकली आणि उसवली तर प्लास्टिकला भोकं राहतात. चुकली नाही. वाफ धरू नये म्हणून आतून साबणाचं बोट फिरवलं आणि कोरड्या फडक्याने पुसलं. नऊ वर्षं सहा माग चालवलेला हात होता तो. मग ती आरशासमोर गेली आणि तिने स्वतःला ओठांनी विचारून पाहिलं. ओठ म्हातारे झाले होते, कडांना सुरकुत्या, पण अक्षरं अजून पूर्ण उमटत होती. इमारतीतल्या एवढ्या लोकांना तिने मास्क शिवून दिले, असा सुंदर एकही नव्हता.

तो गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली. त्याने हातांकडे पाहिलं, हात रिकामे होते. म्हणून त्याने वर पाहिलं. खिडकी दिसताच त्याचे डोळे तिथे झेपावले, अगदी उपाशी माणसासारखे, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका उघडा आनंद आला की ती क्षणभर गडबडली. तो हसायलाच लागला. "अगं, हे कसं केलंस?" म्हणाला. तिने त्याला हसू दिलं. हसून झाल्यावर तिने शेडमध्ये बोलायचे तसं, आवाजाविना, एकेक अक्षर सोडवून म्हटलं:

"मुकादमाला तू काय सांगितलंस ते मी पाहिलं. बायकोला काढा म्हणालास. मी राहतो म्हणालास. त्याच्या पुढे काय म्हणालास?"

एकोणतीस वर्षांनी ती त्याला 'तू' म्हणत होती. त्याचं हसू गेलं. पण ती ज्याची वाट बघत होती ते झालं नाही. चेहरा कोसळला नाही. तुटलेला धागा दिसला की विणकर आधी माग थांबवतो आणि मग शोधतो, तसा तो थांबला. तिच्या ओठांवर बघत राहिला, ती आणखी काही बोलते का म्हणून. त्याने खिशातून रुमाल काढला. रड, ती मनात म्हणाली, रड आता. त्याने डोळे पुसले नाहीत. रुमाल मांडीवर पसरला. वरची कड मधोमध दुमडली, खालची तिच्यावर आणली, तळहाताने घडी बसवली. शेजारच्या स्टुलावर त्याच्या गोळ्यांच्या पाकिटांना रबरं लावलेली होती. त्यातली दोन काढली, घडीच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवली, टोकं आत मुडपली. एक टाका न मारता. घाई नव्हती. मग त्याने ते तोंडावर धरलं आणि रबरं कानांत अडकवली, एक कान, मग दुसरा.

आणि तो बोलायला लागला.

आवाज नव्हता. शेडमधलंच बोलणं होतं ते, जबडा पूर्ण उघडून, सावकाश, तिच्या डोळ्यांत बघत. कापड आत ओढलं जायचं, बाहेर फुगायचं. ती एक पाऊल पुढे आली. दुसरं आली. आता ती त्याच्यावर वाकली होती. जबडा दोनदा खाली गेला, म्हणजे कदाचित... गाल आत गेले, म्हणजे... भुवया वर गेल्या. घार म्हणायचे तिला. पलीकडच्या रांगेतली कुजबुज वाचणाऱ्या त्या डोळ्यांना वीतभर अंतरावरच्या चार पदरांतून एक अक्षर मिळेना. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादलीत पाणी सोडलं होतं, ती बादली भरून वाहायला लागली तरी तो बोलतच होता. मध्येच थांबला, श्वास गोळा केला, आणि पुन्हा सुरू केलं. एक वाक्य नव्हतं ते; ते केव्हाच होऊन गेलं असणार, आणि त्याच्या पुढचंही पुष्कळ. इतकं तो उभ्या जन्मात तिच्याशी बोलला नव्हता. एकदा त्याचे डोळे भरले, पण कशावर भरले ते कापडाच्या आत होतं.

मग त्याने रुमाल काढला. ओठ मिटलेले होते. रबरं पुन्हा गोळ्यांच्या पाकिटांना लावली, रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाला, "तुझं कापड हलायचं रोज. दिसत होतं मला. बोलतेयस एवढं कळायचं."

"रुमालाशिवाय सांग," ती म्हणाली. "एकदा. एकदाच सांग."

खिडकीतून ते त्याने वाचलं. नीट वाचलं.

"उद्या पोर येईल," तो म्हणाला. "माझे दोन शर्ट इस्त्री करून ठेव." आणि त्याने खुर्ची गॅलरीकडे वळवली.

ती धावत त्याच्या पुढे गेली. मास्क ओढून काढला, बनियनची दोरी कानात अडकून तुटली, आणि उघड्या तोंडाने ती त्याच्या समोर गुडघ्यांवर बसली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. ती बोलली. ओठांनी, मग आवाजात, मग ओरडून. तिने त्याचे खांदे धरून हलवले. त्याचा श्वास भात्यासारखा वाजत राहिला, पापण्या हलल्या नाहीत. "काय म्हणालास तू? अरे काय म्हणालास?" ती इतक्या मोठ्याने ओरडत होती की खालच्या मजल्यावरची दारं उघडली, आणि वरच्या बाई कठड्यावरून वाकून, तिनेच शिवून दिलेला मास्क हनुवटीखाली ओढून, विचारायला लागल्या, "काय झालं हो? कोण काय म्हणालं?"